मग त्याला मान दिली कशाला? रोबोच्या मनातलं ओळखताना

साखरपेठेतली (धागाकर्ती)

आधी अप्पांची गोष्ट सांगते, मग प्रश्न.

अप्पा ७२ वर्षांचे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत ३४ वर्षं यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग लावून-दुरुस्त करून देणारे, होते. गेल्या महिन्यात त्यांचा गुडघा दाखवायला एका खासगी दवाखान्यात गेलो. आत शिरल्या शिरल्या समोर एक रोबो. छातीएवढा उंच, पांढरा, पोटावर टॅबलेट, निळे गोल डोळे, मधूनच पापणी मिटल्यासारखे करणारे. "नमस्कार, मी तुमची काय मदत करू?" म्हणाला. अप्पा खूश झाले. एक्सरेची पिशवी सावरली, टोपी नीट केली आणि माणसाला सांगावं तसं पहिल्यापासून सांगायला लागले, "गुडघ्यासाठी आलोय. दिवाळीत जिन्यावरनं पाय घसरला, तवापासनं…"

तेवढ्यात डाव्या बाजूनं एक बाई कडेवर रडणारं लेकरू घेऊन आली. रोबोची मान सावकाश तिकडं वळली, डोळेही तिकडंच. अप्पांचं वाक्य तिथंच तुटलं. मान परत वळेल म्हणून ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. वळली नाही. मग पिशवी काखेत मारली नि मला म्हणाले, "चल. त्याला आपल्याशी बोलायचं नाही."

चार दिवस त्यांच्या डोक्यातून ते जाईना. "माझं धोतर बघून तोंड फिरवलं त्यानं," असं आईला दोनदा म्हणाले. मी समजावलं की अप्पा, त्याला कॅमेरा असतो, चेहरा दिसेल तिकडं मोटर फिरते. जॉबर माणसाला मोटर-गिअर मी काय शिकवणार! सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते कळतंय गं मला. पण मग त्याला मान दिली कशाला?"

या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही. यंत्राच्या वागण्यामागे काही तरी मनात आहे असं तुम्हाला कधी वाटलंय का? आणि तसं वाटणं ही आपली चूक की बनवणाऱ्याची? मनापासून विचारतेय.

पार्क_चौक

वाचून वाईट वाटलं. माझे वडील गेल्या वर्षी बँकेत असेच टोकन मशीनसमोर उभे होते, पण मशीनचा त्यांना राग आला नाही, काउंटरवरच्या साहेबाचा आला. टोकन मशीनला तोंड नव्हतं, एवढाच फरक.

कांडीवाला

ताई, तुमच्या अप्पांच्याच धंद्यातला मी. आमच्या कारखान्यात १२ माग आहेत. चार नंबरचा माग पावसाळी हवेत धागा फार तोडतो. आम्ही रोज म्हणतो, "चार नंबर रुसलाय." धोटा अडकला तर "आज त्याच्या मनात नाही" म्हणतो. पण कुणी कामगार घरी जाऊन बायकोला सांगत नाही की मागानं माझा अपमान केला. रुसलाय म्हणणं ही आमची कामाची भाषा. रुसलाय म्हटलं की जॉबर समजतो काय बघायचं ते. ताण बघ, पिकर (धोट्याला धक्का देणारा भाग) बघ, हवेतला ओलावा बघ. रुसवा काढायचा म्हणजे पाना घेऊन खाली बसायचं.

दवाखान्यातल्या त्या यंत्राचं तसं नाही. ते आधी नमस्कार म्हणालं. माग कधी नमस्कार घालत नाही.

मानसशास्त्र_शिकवते

साखरपेठेतली, फार चांगला धागा काढलात. कांडीवाला यांनी जे सांगितलं ते आम्ही वर्गात शिकवतो, पण इतकं नेटकं मला सांगता येत नाही.

१९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मॅरियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटीशी हलती फिल्म केली. तीत एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार असलेली एक चौकट. बस्स. ती ३४ जणांना दाखवून काय दिसलं ते लिहायला सांगितलं. नुसत्या आकृत्या सरकल्या असं त्यांतल्या फक्त एकानं लिहिलं. बाकीच्यांना मोठा त्रिकोण दांडगट दिसला, वर्तुळ घाबरलेलं दिसलं, पाठलाग दिसला, सुटका दिसली. डोळे नाहीत, तोंड नाही, कागदी आकार नुसते. तरीही हेतू दिसला. म्हणजे हेतू वाचणं हे आपण ठरवून करत नाही. समोर काही हललं, वळलं, थांबलं की मन आपोआप विचारतं, याला काय हवंय?

तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट यांनी याची तीन प्रकारे मांडणी केली आहे. एखाद्या वस्तूकडं आपण निव्वळ पदार्थ म्हणून बघू शकतो (वीज, वजन, घर्षण), किंवा कशासाठी बनवलीय त्यावरून (कळ दाबली की चालू होणार), किंवा तिला इच्छा आणि समज आहे असं धरून. तिसरी दृष्टी वापरणं म्हणजे अडाणीपणा नव्हे. समोरची गोष्ट गुंतागुंतीची असली की तिचं पुढचं पाऊल ओळखायला तीच सर्वांत झटपट पडते. बुद्धिबळाच्या संगणकाशी खेळणारा "याला माझा वजीर मारायचाय" असंच म्हणतो, आणि त्याचा अंदाज बरोबरही येतो.

जॉबर ही दृष्टी सोयीनुसार घालतो आणि काढतो. दवाखान्यात अप्पांना ती काढता आली नाही. का नाही आली, हा मला खरा प्रश्न वाटतो.

संगणक_दुरुस्ती

मला हे सगळं अनाठायी वाटतं. यंत्राला मन नाही. हे लोकांना एकदा स्पष्ट सांगितलं की विषय संपला. दवाखान्यानं "हे यंत्र आहे" अशी पाटी लावावी. आपण भावनेच्या आहारी जातो आणि मग यंत्राला दोष देतो.

साखरपेठेतली (धागाकर्ती)

संगणक_दुरुस्ती, अप्पांना ते यंत्र आहे हे माहीत होतं. शंभर टक्के. तरी लागलं. माहिती असल्यानं लागायचं थांबत असतं तर मी धागाच काढला नसता.

मानसशास्त्र_शिकवते

धागाकर्तीला अनुमोदन. याचा जुना दाखला आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या जोसेफ वायझेनबाम यांनी एलायझा नावाचा गप्पा मारणारा प्रोग्रॅम जाहीर केला. तुम्ही लिहाल तेच उलटून प्रश्न म्हणून विचारायचा, एवढंच त्याचं काम. वायझेनबाम तो तयार करत असताना त्यांची सेक्रेटरी कित्येक महिने बघत होती. हा निव्वळ प्रोग्रॅम आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याच्याशी थोडं बोलणं झाल्यावर तिनं त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. वायझेनबाम यांना या प्रसंगानं इतकं अस्वस्थ केलं की पुढं ते अशा यंत्रांचे कडक टीकाकार झाले.

पाटीनं हे सुटणारं नाही.

मूळची_अक्कलकोटची

माझ्या आजीला कन्नडच येतं, मराठी कामापुरतं. तिला अशाच एका बोलणाऱ्या यंत्रासमोर उभं केलं होतं. ती जे बोलली त्यावर ते म्हणालं, "मला समजलं नाही, कृपया पुन्हा सांगा." तिनं पुन्हा सांगितलं. तेच उत्तर, त्याच आवाजात, त्याच हसऱ्या चेहऱ्यानं. तिसऱ्यांदाही तेच. आजी म्हणाली, "हे माझी चेष्टा करतंय."

मी विचार केला, आजीचं काय चुकलं? माणूस तीनदा न समजल्यावर तिसऱ्यांदा त्याच सुरात आणि हसून बोलत नाही. तो कपाळाला आठ्या घालतो, पुढं वाकतो, हातानं विचारतो, कुणाला तरी हाक मारतो. सगळं कळूनही जो हसत तेच बोलतो, तो चेष्टाच करत असतो. आजीनं माणसाच्या नियमानं वाचलं आणि त्या नियमानं तिचं वाचन बरोबर होतं. आपल्या सोलापुरात एका बोळात तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी ऐकायला येतं. इथं हा प्रश्न रोजचा आहे.

जुळे_सोलापूरकर

मी पुण्यात ऑटोमेशनमध्ये आहे, घर जुळे सोलापुरात. ते अमुकच यंत्र मी पाहिलेलं नाही, पण अशा यंत्रांची मान का वळते ते सांगू शकतो.

कॅमेऱ्याच्या चौकटीत चेहरे शोधले जातात. दोन चेहरे असतील तर कुणाकडं बघायचं याचा काही तरी नियम घालावा लागतो. बहुतेक वेळा तो साधा असतो. मोठा दिसणारा म्हणजे जवळचा चेहरा धरा, किंवा मोठा आवाज येईल त्या दिशेला वळा. अप्पा टोपी घालून, बहुधा थोडे खाली बघत बोलत असतील. चेहरा क्षणभर हरवला, त्याच वेळी डावीकडून लेकराचा मोठा आवाज आला, मान गेली. धोतराचा काही संबंध नाही, हे अप्पांना जरूर सांगा.

पण आता माझ्या व्यवसायाची चूकही सांगतो. हे टाळता येतं, आणि आम्हाला ते माहीत आहे. २०१३ मध्ये रोबोंवर संशोधन करणाऱ्या अंका ड्रॅगन आणि तिच्या सहकाऱ्यांनी यंत्राच्या हालचालींबद्दल एक फार उपयोगी भेद दाखवला. समजा टेबलावर शेजारी शेजारी दोन बाटल्या आहेत. यंत्राचा हात डावीकडच्या बाटलीकडं सरळ रेषेत गेला तर ती हालचाल अपेक्षेप्रमाणे असते, पण अर्ध्या वाटेपर्यंत बघणाऱ्याला कळत नाही की कोणती उचलणार. तोच हात सुरुवातीलाच जरा जास्त डावीकडून वळसा घेऊन गेला, तर लगेच कळतं. वाट थोडी लांबते, पण हेतू वाचता येतो. त्याआधी २०११ मध्ये लायला ताकायामा आणि सहकाऱ्यांनी एका ॲनिमेशनवाल्याला सोबत घेऊन पाहिलं होतं. दार उघडण्याआधी रोबोनं दाराकडं, मुठीकडं नीट बघितलं, म्हणजे विचार करतोय असं दाखवलं, तर लोकांना त्याचं वागणं खात्रीनं वाचता येत होतं.

म्हणजे इथं काय करता आलं असतं? बोलणाऱ्या माणसाचं वाक्य संपेपर्यंत मान हलवायची नाही. वळायचंच असेल तर आधी "एक मिनिट हं, काका" म्हणायचं. नुसते डोळे तिकडं न्यायचे आणि मान अप्पांकडंच ठेवायची. यातलं काहीही अवघड नाही. ज्यानं मान बसवली त्यानं मान वळण्याचा माणसांत काय अर्थ होतो त्याचा विचार केला नाही.

अप्पांनी विचारलेला प्रश्न आमच्या मीटिंगमध्ये विचारायला हवा होता.

संगणक_दुरुस्ती

हे पटलं. मी पाटीवर अडकलो होतो. पण मग मानच नको ना. नुसती स्क्रीन पुरे.

सिस्टर_नाइटड्युटी

मी नर्स आहे. सोलापूरची, सध्या दुसऱ्या शहरात. आमच्याकडं औषधांची ने-आण करणारी एक चाकांची गाडी आहे. तिला मान नाही, डोळे नाहीत, नुसती एक पेटी. समोर काही आलं की थांबते. तरी आमच्या वॉर्डातल्या एक आजी रोज म्हणायच्या, "किती गुणाचं आहे बाई, मला बघून वाट देतं." त्या काठी टेकत यायच्या, गाडी थांबायची, आजी हात जोडून पुढं जायच्या. आम्हाला बघायला बरं वाटायचं.

एक दिवस त्या आजी गाडीच्या बाजूनं, तिला दिसणार नाही अशा कोनातून आल्या. ते थांबतंच, या भरवशावर. मी धावत जाऊन हात धरला म्हणून निभावलं. तेव्हापासून मला अपमान वाटणाऱ्यांपेक्षा माया वाटणाऱ्यांची जास्त काळजी वाटते. यंत्रानं तोंड फिरवलं असं वाटलं तर माणूस दूर जातो. यंत्र आपली काळजी करतं असं वाटलं तर माणूस सावधपणा सोडतो.

मानसशास्त्र_शिकवते

सिस्टर, तुमच्या अनुभवाला धरून एक प्रयोग आहे. अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये २०१६ साली एका इमारतीत धूर सोडून, धोक्याची घंटा वाजवून बघितलं की लोक वाट दाखवणाऱ्या रोबोच्या मागे जातात का. २६ च्या २६ माणसं त्याच्या मागे गेली. त्यांतल्या कित्येकांनी थोड्याच वेळापूर्वी त्याच रोबोला वाट चुकताना बघितलं होतं.

आणि "मानच नको" याबद्दल. १९९५ मध्ये मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू मेल्टझॉफ यांनी १८ महिन्यांच्या बाळांना दाखवलं की एक माणूस डंबेलसारखं खेळणं दोन्हीकडून ओढून सोडवायला बघतोय, पण हात निसटतोय. खेळणं सुटलेलं बाळांनी पाहिलंच नव्हतं, तरी त्यांनी ते ओढून सोडवलं. म्हणजे त्यांनी हात निसटलेला पाहिला आणि त्या माणसाच्या मनातलं काम पुरं केलं. तीच ओढाताण यंत्राच्या चिमट्यानं केली, तर बाळांनी तसं केलं नाही. बोलता न येणारं पोरसुद्धा कुणाचा हेतू वाचायचा आणि कुणाचा नाही, हे निवडतं. आपण चिमट्याला चेहरा लावला की ती निवड आपणच त्याच्यासाठी करून टाकतो.

बाळीवेशीतला

मला नंदीबैल आठवला. लहानपणी आमच्या बोळात यायचा. पाठीवर रंगीत झूल, शिंगांना गोंडे. नंदीबैलवाला ढोलकं घुमवायचा, "गुबुगुबु", आणि आमच्या आत्या विचारायच्या, "पाऊस पडंल का यंदा?" बैल मान हलवायचा. आत्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, कारण आमची कोरडवाहू जमीन मंगळवेढ्याच्या बाजूला.

आता विचार केला तर आत्या बैलाकडं बघत होत्या, पण एक डोळा मालकावरही असायचा. मान हलवणारा कोण आणि हलवायला लावणारा कोण, हे दोन्ही समोरच उभे होते. दान द्यायचं ते मालकाच्या झोळीत. बैल खोटं बोलला असं कुणी कधी म्हटलं नाही. चुकलं तर पुढच्या वर्षी मालकाला बोल लावायचे.

दवाखान्यातल्या यंत्राचा मालक कुठं उभा असतो? ते मान हलवतं, नंबर विचारतं, नाव विचारतं. आपण त्याच्या डोळ्यांत हेतू शोधत बसतो आणि ज्यानं हे सगळं विचारायला लावलंय तो दिसतच नाही. मोबाइल नंबर कुणाला हवा आहे? यंत्राला तर नको असणार.

साखरपेठेतली (धागाकर्ती)

बाळीवेशीतला, तुमचा प्रतिसाद अप्पांना मोठ्यानं वाचून दाखवला. म्हणाले, "बरोब्बर. ढोलकंवाला दिसला पाहिजे."

शाळेतल्या_बाई

माझ्या वर्गात खेळण्यातला एक बोलका रोबो कुणी तरी आणला होता. दगड-कागद-कात्री खेळताना तो अडकायचा, चुकीचं उत्तर सांगायचा. मुलं ओरडली, "बाई, हा फसवतोय!" आधी कंटाळून बसलेली मुलंही मग भोवती जमली.

नंतर कळलं की याच खेळावर येल विद्यापीठात २०१० मध्ये अभ्यास झालाय. हरल्यावर रोबोनं नुसतं तोंडानं "मी जिंकलो" म्हटलं तर लोकांना वाटायचं, बिघडलाय. पण त्यानं हाताची खूण झटकन बदलली तर लोक म्हणायचे, फसवतोय, जिंकायचंय त्याला. बोलण्यापेक्षा हात बदलण्यात लोकांना जास्त मन दिसलं. आपल्या पोरांनाही तसंच. सरळ वागणाऱ्यात मन शोधायची गरज पडत नसावी.

कांडीवाला

शाळेतल्या बाई, हे मागालाही लागू आहे. जे माग गुपचूप चालतात त्यांची आम्हाला आठवणही येत नाही. नाव घेतो ते चार नंबरचंच.

पार्क_चौक

अवांतर असेल, पण खंडेनवमीला आपण मागाला झेंडू वाहतो, हळदकुंकू लावतो. ते काय आहे मग? मागाला मन आहे म्हणून का?

कांडीवाला

नाही. भाकरी देतो म्हणून. त्याच्या मनात काय आहे हे विचारायला आपण जात नाही, आपल्या मनात काय आहे ते त्याला दाखवतो.

मानसशास्त्र_शिकवते

कांडीवाला, हे मी वर्गात सांगणार आहे, परवानगी असावी. जपानमध्ये सोनी कंपनीचा ऐबो नावाचा यांत्रिक कुत्रा १९९९ मध्ये आला, २००६ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, पुढं कंपनीची दुरुस्तीही बंद झाली. मग चिबा प्रांतातल्या एका बौद्ध मंदिरात बंद पडलेल्या ऐबोंसाठी विधी होऊ लागले. त्याकडं लोक "बघा, यंत्रात जीव आहे असं मानतात" म्हणून बोट दाखवतात. मला ते आपल्या खंडेनवमीच्या जवळचं वाटतं. कृतज्ञता वेगळी आणि हेतू वाचणं वेगळं.

उलट, जर्मनीतल्या २०१८ च्या एका प्रयोगात हेतूच वाचला गेला. छोट्या नाओ रोबोला बंद करायची वेळ आली की तो म्हणायचा, "नको, मला बंद करू नका." असं ऐकलेल्या ४३ जणांपैकी १३ जणांनी त्याला बंद केलंच नाही. काहींचं कारण साधं होतं, तो नको म्हणाला ना.

सिस्टर_नाइटड्युटी

ते १३ जण मला चांगले वाटतात. पण ते वाक्य त्याच्या तोंडी घालणारा कोण, हे मला विचारायचंय. बाळीवेशीतला म्हणतात तसं.

जुळे_सोलापूरकर

खरंय. आणि उद्या "नको, जाऊ नका, अजून एक तपासणी करून घ्या" असं कुणी तोंडी घातलं तर? डोळे तेच, आवाज तोच. हेतू मात्र बिलाचा. म्हणून मला वाटतं अशा यंत्रानं तीन गोष्टी न विचारता दाखवाव्यात. आत्ता ऐकतंय की नाही, कुणाचं ऐकतंय, आणि ऐकलेलं कुणाकडं जातंय. पहिल्या दोन दाखवायला मान आणि डोळे उत्तम आहेत, अट एवढीच की ते खरं बोलले पाहिजेत. तिसरीसाठी शेजारी माणूस हवा.

साखरपेठेतली (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. आज परत गुडघा दाखवायला गेलो होतो, म्हणून शेवटचं लिहिते.

दवाखान्याला मी पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं नाही, पण रोबोच्या शेजारी आता खुर्ची टाकून एक मुलगी बसवली आहे. पत्रामुळं की कशामुळं, विचारलं नाही.

अप्पा आत शिरल्यावर रोबोपाशी गेले नाहीत. जरा लांब, खांबाला टेकून उभे राहिले आणि बघत बसले. मागावर नवीन बीम चढल्यावर बघायचे ना, अगदी तसेच. दहा-बारा माणसं येऊन गेली. मग मला हळूच म्हणाले, "आवाजाकडं जातंय. आणि वर बघणाऱ्याला धरतंय. खाली बघून बोललं की सोडून देतंय." जुळे_सोलापूरकर यांनी सांगितलेलं मी अजून त्यांना वाचून दाखवलं नव्हतं. त्यांनी उभ्या उभ्या काढलं.

मी विचारलं, "मग आता राग गेला?"

"त्याचा नव्हताच राग." थोडं थांबून, "पण मान फिरली की अजून आत काय तरी होतंय."

तेवढ्यात फेटेवाले एक आजोबा आले, हातात फाइल, नजर फरशीवर. रोबो नमस्कार म्हणाला. आजोबा तोंड उघडणार एवढ्यात अप्पा खांबापासून निघाले, गुडघा धरत त्यांच्याजवळ गेले आणि खांद्याला हात लावून म्हणाले, "पाव्हणं, वर बघून बोला. नायतर त्या पोरीला सांगा, ती ऐकती."